लॅब बॉल उचलतो पण हातात देत नाही? आधी फेकणं बंद करा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. फोंड्याला घर, चौदा महिन्यांचा लॅब, म्हणजे लॅब्रॅडोर कुत्रा, बॉल फेकला की सुसाट जातो, उचलतो, आणि अर्ध्या वाटेत टाकून देतो नाहीतर तोंडात घेऊन अंगणभर तुम्हालाच पळवतो. त्यात बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वाकता येत नाही, तर पडलेली काठी, चप्पल, रिमोट त्याने उचलून बाबांच्या हातात द्यावं असं तुम्हाला वाटतंय, आणि शेजारचे म्हणतात हा हट्टी आहे, याला नाही जमायचं. जमेल. मी सतरा-अठरा वर्षं डिचोली-फोंडा-म्हापसा भागात घरोघरी जाऊन कुत्र्यांना शिकवतोय, आणि तुमच्यासारखी केस महिन्याला एक तरी येते. हट्टी वगैरे काही नाही तो. जे शिकवलं गेलंय ते अगदी नीट करतोय.

बघा कसं ते. तुम्ही बॉल फेकता, तो घेऊन येतो, चार हातांवर टाकतो, तुम्ही जाऊन उचलता आणि परत फेकता. आता त्याला आवडतं काय, तर उडणारा बॉल. तो कधी उडतो, तर तोंडातून खाली पडला की. म्हणजे वर्षभर तुम्ही त्याला बॉल खाली टाकण्याचं बक्षीस देताय. आणि टाकला नाही, घेऊन पळाला, तर अख्खं घर मागे धावतं, ते तर त्याहून भारी बक्षीस. यात धरून ठेवण्याचं बक्षीस कुठेच नाही. म्हणून पहिलं काम, निदान तीन आठवडे बॉल फेकणं पूर्ण बंद. बॉल कपाटात ठेवा, फिरवायला न्या, हुंगू दे, पळू दे, पण फेकाफेकी नको.

लॅब आहे म्हणजे आणणं रक्तातच असेल ना, असं सगळे म्हणतात. अर्धं खरं आहे. याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या मच्छीमारांबरोबर थंड पाण्यात काम करायचे, पुढे इंग्लंडमध्ये शिकारीत पडलेले पक्षी उचलून आणायला ही जात तयार केली, १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबने मान्यता दिली. त्यामुळे तोंडात काहीतरी घेऊन मिरवायची हौस याला जन्मजात. पण ती वस्तू शांतपणे धरून तुमच्या तळहातावर ठेवणं हे रक्तात येत नाही, ते शिकवावं लागतं, आणि ते लॅबला शिकवावं लागतं तसंच आपल्या गावठी कुत्र्यालाही शिकवता येतं. माझी स्वतःची चिंगी गावठीच आहे, तिचं पुढे सांगतो.

तर शिकवायचं उलट्या क्रमाने. लोक सुरुवात करतात फेकण्यापासून आणि शेवटी अडकतात हातात देण्यावर. तुम्ही हातापासून सुरू करा. आधी तोंडात शांत धरणं, मग हातात देणं, मग धरून एक पाऊल चालणं, मग जमिनीवरून उचलणं, आणि सगळ्यात शेवटी लांब जाऊन आणणं. असं केलं की कुत्रा नेहमी अनोळखी कामाकडून पाठ झालेल्या कामाकडे येतो, घराच्या वाटेला लागल्यासारखा, आणि मग वाटेत टाकायचं कारणच उरत नाही.

वस्तू काय घ्यायची? स्पर्धांमध्ये लाकडी डंबेल वापरतात, पण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात साधं बारीक लाटणं मिळतं ना, बिनरंगाचं, बिनपॉलिशचं, ते मला डंबेलपेक्षा जास्त आवडतं. अंगठ्यापेक्षा थोडं जाड असावं, मधल्या भागावर जुन्या सुती धोतराची पट्टी घट्ट गुंडाळा आणि दोन्ही टोकांना थोडं जास्त कापड गुंडाळून गोळे करा, म्हणजे पुढे जमिनीवर ठेवलं तरी मधला भाग उचललेला राहतो आणि त्याचा खालचा जबडा आत जातो. लाटणं त्याच्या सुळ्यांच्या लगेच मागे बसलं पाहिजे. आत दाढांपर्यंत गेलं तर तो चावणारच, दाढा त्यासाठीच असतात. नारळाचं सोडण किंवा झावळीचा तुकडा घेऊ नका, मला माहितीये अंगणात ढीगभर पडलेलं असतं आणि कुत्र्यांना आवडतंही खूप, पण त्या काथ्या पोटात गेल्या की आतडं अडतं, आणि मग थेट ऑपरेशन. झाडाची काटकीही नको, तोंडात मोडून टाळ्याला किंवा घशाला भोसकते.

खाऊ एकदम छोटा, भिजवलेल्या हरभऱ्याएवढा. बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा उकडलेला बांगडा काटे काढून. सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, देऊ नका, खारट असतात फार. खाऊ हातात धरायचा नाही, समोर दिसेल असाही ठेवायचा नाही, मागच्या टेबलावर वाटीत झाकून ठेवा. कारण खाऊ दिसला की तोंड रिकामं करणं हे कुत्र्याला साहजिकच वाटतं, आणि मग आपण म्हणतो हा धरतच नाही.

दुसरं, एक खुणेचा आवाज हवा. क्लिकर, म्हणजे दाबला की टक वाजणारी छोटी डबी, असेल तर उत्तम, नसेल तर बॉलपेनची टकटक, तेही नको तर तोंडाने आखूड 'यस'. पहिल्या दिवशी नुसतं 'यस' म्हणा आणि खाऊ द्या, दहा-पंधरा वेळा, बाकी काही मागू नका. त्या आवाजाचा अर्थ 'आत्ता जे करत होतास ते बरोबर, खाऊ येतोय' एवढाच त्याला कळला पाहिजे.

आता मुख्य गोष्ट, इथे घाई करू नका. बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बसायच्या सोप्यात, किंवा व्हरांड्यात खाली बसा, लाटणं त्याच्या नाकासमोर एक वीत अंतरावर आडवं धरा आणि गप्प राहा. नाक लावलं, यस. पाच-सहा वेळा झालं की नाक लावण्यावर यस बंद करा आणि थांबा, तो बघेल, गोंधळेल, मग तोंड उघडून दात लावेल, त्या क्षणी यस. चाटत असेल तर यस नाही. मग दात लावले पण लगेच सोडले असं होईल, हरकत नाही, हळूहळू अर्धा सेकंद, एक सेकंद. या काळात लाटणं तुम्ही सोडायचंच नाही, एक टोक तुमच्या हातातच. आणि एक खुबी सांगतो, त्याने धरलं की लाटणं अगदी हलकंच आपल्याकडे ओढल्यासारखं करा, कुत्रा आपोआप पकड घट्ट करतो, त्या घट्ट होण्यावर यस. उलट घशाकडे ढकललंत तर लगेच थुंकणार.

यस कधी म्हणायचं यावर सगळं अवलंबून आहे. तोंडात वस्तू असताना यस. सोडल्यावर म्हणालात तर परत तेच, सोडण्याचं बक्षीस. यस ऐकून त्याने लगेच सोडलं तर चालेल, काम तिथे संपलं, खाऊ द्या.

मग वेळ वाढवा, पण सरळ चढत जाऊ नका की दोन, तीन, चार, पाच सेकंद, त्याला कळतं की दर वेळी काम वाढतंच चाललंय आणि तो कंटाळतो. तीन, एक, चार, दोन, सहा, एक असं करा. दहापैकी आठ वेळा जमलं तरच पुढे जा, लागोपाठ दोनदा फसलं तर मागे या. एका वेळी आठ-दहा वेळा बास, दोन-तीन मिनिटांत संपतं, दिवसातून दोन-तीनदा. एप्रिल-मे असेल तर सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी ऊन गेल्यावर. पावसाळा तर या कामाला सगळ्यात चांगला, नाहीतरी बाहेर जाता येत नाही.

चघळण्याबद्दल. बहुतेक कुत्री धरायला शिकली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी चघळायला लागतात, कचकच कचकच, आणि मालकाला वाटतं मुद्दाम करतोय. तसं नाही. केलर आणि मॅरियन ब्रेलंड म्हणून अमेरिकेत स्किनर या वर्तन-मानसशास्त्रज्ञाकडे शिकलेलं जोडपं होतं, त्यांनी डुकरांना मोठाली लाकडी नाणी उचलून गल्ल्यात टाकायला शिकवलं होतं. सुरुवातीला झकास चाललं, आणि काही आठवड्यांनी डुक्कर वाटेतच नाणं खाली टाकून नाकाने उकरत बसायला लागलं, भूक लागली असली तरी. रॅकूनला नाणी दिली तर तो दोन नाणी एकमेकांवर घासत बसायचा, खाणं धुतल्यासारखा. त्यांनी हे १९६१ साली लिहून ठेवलंय. ज्या वस्तूमुळे खाणं मिळतं ती वस्तूच प्राण्याला खाण्यासारखी वाटायला लागते. तुमचा लॅब लाटणं चघळतो ते याच जातीचं. म्हणून ओरडू नका, 'नो नो' करू नका, फक्त जबड्याकडे बारीक बघा, चघळता चघळता एक क्षण जबडा थांबतो, तो क्षण पकडून यस. सुरुवातीला तो क्षण इतका लहान असतो की सुटतोच, म्हणून बाजूला बसा, समोर नको, बाजूने जबडा स्पष्ट दिसतो. फार भुकेला असताना घेऊ नका, आणि चिकनवर जास्तच वेडा होत असेल तर त्या दिवशी त्याचं रोजचं साधं जेवण वापरा, चघळणं पुष्कळ कमी होतं.

आणि आता ती पायरी जी जवळजवळ सगळे विसरतात. त्याने पाच सेकंद शांत धरलं, तुम्ही खूश, घ्यायला हात पुढे केला, आणि तो हात दिसताच त्याने टाकलं. का, तर आजवर हात आला की वस्तू जाते हेच त्याने पाहिलंय. म्हणून हात वेगळा शिकवावा लागतो. त्याने धरलेलं असताना हात वीतभर पुढे न्या आणि मागे घ्या, तरीही धरून राहिला तर यस. मग हात गालाला लावा, मागे घ्या, यस. मग लाटण्याला हात लावा, पण घेऊ नका, यस. दहा वेळा हात आला आणि त्यातल्या एकदाच वस्तू गेली, असं झालं की हाताची धास्ती जाते. त्यानंतरच 'दे' शब्द जोडा. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत ही पायरी गाळायचो, आणि कुत्री घरात छान करायची पण मालकाने घाईत हात मारला की वस्तू फरशीवर. चूक माझी होती, मालकांची नाही.

कोणी तुम्हाला सांगेल की कान पिळा, ओरडला की तोंड उघडतं, त्यात वस्तू घाला, दोन दिवसांत धरतो. ही जुनी पद्धत आहे, अजूनही चालते, मी डोळ्यांनी बघितलीये. कुत्रा धरतो, खरंय. पण कान मागे, शेपूट पोटाखाली, डोळ्यांतला पांढरा भाग दिसतोय, आणि ती वस्तू दिसली की खोलीतून निघून जातो. तुमच्या घरात हा कुत्रा एका दुखऱ्या माणसाला मदत करणार आहे, बाबांची काठी पडल्याचा आवाज आला की तो पलंगाखाली लपला तर काय उपयोग? कोणालाही कान धरू देऊ नका.

धरणं पक्कं झालं की चालणं. बसून दहा सेकंद धरणारा कुत्रा उठला की टाकतो, कारण त्याच्यासाठी उठणं हे नवीन काम. म्हणून तुम्ही एक पाऊल मागे, तो एक पाऊल पुढे, यस. बास एवढंच. मग दोन पावलं. हे तीन-चार दिवसांत होतं.

जमिनीवरून उचलणं तसं सोपं वाटतं पण इथे अडतं. हातातलं लाटणं घेणारा कुत्रा जमिनीवरच्या लाटण्याकडे बघतही नाही. म्हणून हात हळूहळू खाली न्या, छातीएवढा, गुडघ्याएवढा, मग हात जमिनीवर टेकलेला आणि लाटणं हातात, मग लाटणं जमिनीवर आणि तुमची दोन बोटं नुसती त्याला लागलेली, मग बोटं चार इंच बाजूला, मग हात वर. या बोटांच्या पायरीवर एक आठवडा गेला तरी जाऊ दे.

शब्दांचं एक गोव्यातलं खास सांगतो. तुमच्याकडे घरात मराठी आणि कोंकणी दोन्ही चालत असणार, सगळ्यांकडेच असतं. कोंकणीत 'हाड' म्हणजे आण, आणि मराठीत कुत्र्याला हाकलायला 'हाड हाड' करतात! डिचोलीला एका घरी आजोबा प्रेमाने 'हाड रे' म्हणायचे आणि सून त्याच कुत्र्याला स्वयंपाकघरातून 'हाड' करायची, ते बिचारं दोघांच्या मध्ये उभं राहून ओठ चाटत जांभया द्यायचं. कुत्रा झोप नसताना जांभया देतो ते बहुतेक वेळा गोंधळलेला असतो म्हणून. तर घरात बसून एकदा ठरवा. मी 'धर', 'आण' आणि 'दे' वापरतो, 'घे' टाळतो कारण 'घे' आणि 'दे' कानाला सारखे लागतात. बाबांनाही तेच शब्द सांगा, कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा. आणि शब्द जोडायचा तो काम जमायला लागल्यावर, आधीपासून 'धर धर धर' करत राहिलात तर तो शब्द पंख्याच्या आवाजासारखा होऊन जातो.

आता बाबांच्या वस्तू. प्रत्येक नवीन वस्तूला पुन्हा हातातून धरण्यापासून सुरू करा, या वेळी पाच मिनिटांत होईल, पण गाळू नका. कापड सोपं, चप्पल सोपी, प्लॅस्टिक मध्यम, धातू सगळ्यात नावडता. चाव्या शिकवायच्या तर जुड्याला कापडाचा जाड गोंडा बांधा. रिमोटला कापडी पिशवी शिवा. मोबाईल नको, अगदीच हवा असेल तर नाडीच्या पिशवीत. औषधांची पाकिटं कधीही शिकवू नका, एक दात लागला आणि गोळी पोटात गेली की संपलं, लागलंच तर झाकणाचा घट्ट डबा आणि त्याला दोरीचं हँडल.

काठीचं जरा जपून. लांब वस्तू कुत्रा टोकाला धरतो आणि दुसरं टोक घसटत आणतो, नाहीतर मधे धरून दारात अडकतो. जिथे धरायला हवं तिथे, म्हणजे बरोबर मध्याच्या जरासं मुठीकडे, निळ्या सुती कापडाची पट्टी गुंडाळा. निळी अशासाठी की कुत्र्याला निळा आणि पिवळा नीट दिसतो, लाल त्याला मळकट तपकिरी. पट्टीवर धरलं तरच यस. आणि बाबांसमोर कधीही सराव सुरू करू नका. आधी तुम्ही खुर्चीत बसून पेशंट व्हा. त्याने समोरून गुडघ्यांवर न येता, ऑपरेशन न झालेल्या बाजूने येऊन उभं राहून द्यायचं, पुढचे पाय जमिनीवर. लॅब तीस किलोचा असतो, आनंदात एक उडी गुडघ्यावर पडली तर बाबा परत हॉस्पिटलमध्ये. तुमच्याबरोबर तीस वेळा बिनचूक झालं की मगच बाबा, तेही बसलेले, उभे असताना अजिबात नाही. घरात लाल सिमेंटची गुळगुळीत फरशी असेल तर त्या वाटेवर पायपुसणी टाका, तोही घसरणार नाही.

घेऊन पळण्याबद्दल तुम्ही विचारलंय. मागे धावणं आजपासून बंद, घरातल्या सगळ्यांचं. पळाला तर तुम्ही उलट्या दिशेला पळा, नाहीतर खाली बसून दुसरंच काहीतरी हातात घेऊन त्यात रमा, तो येतोच. आला की वस्तू हिसकावू नका, आधी मानेखाली खाजवा, मग खाऊ देऊन अदलाबदल, आणि जमेल तेव्हा ती वस्तू त्याला परत द्या. दिलं तरी जात नाही हे त्याला पटलं पाहिजे. त्याने तुमची नवी चप्पल चोरून आणली तरी शाबासकीच द्या, मला माहितीये जीव जातो, पण ओरडलात तर पुढच्या वेळी तो पलंगाखाली नेईल नाहीतर घाईत गिळेल. गुरगुरत असेल, अंग ताठ करून वस्तूवर मान घालत असेल तर मात्र हे सगळं थांबवा आणि वर्तनाचं काम जाणणाऱ्या माणसाला घरी बोलवा, ते वेगळं प्रकरण आहे.

चिंगीचं सांगतो म्हणालो होतो. आमच्याकडे सकाळी साडेसहाला पोदेर, म्हणजे पाववाला, येतो, हॉर्न वाजला की ती गेटपाशी. मी तिला पोईची, म्हणजे गोव्यातल्या गोल पावांची, पिशवी आणायला शिकवलं, तीन महिने लागले. घरात पिशवी धरणं पक्कं होतं, म्हणून पहिल्याच दिवशी पोदेराकडून प्लॅस्टिकची पिशवी दिली, वरून पाऊस, पिशवी चुरचुरली, ओली पोटाला लागली, आणि चारही पोई चिखलात. तिची काय चूक? मी रिकामी कापडी पिशवी कोरड्या व्हरांड्यात शिकवली होती आणि भरलेली, ओली, गरम पावाच्या वासाची पिशवी मागत होतो. मग परत पहिल्यापासून, आधी पिशवीत जुनं फडकं, मग शिळी पोई, मग ताजी, मग पावसात. पिशवीच्या बंदाला गाठ मारून आखूड केला म्हणजे पायात येत नाही. आजही ती मधे एकदा तुळशीपाशी थांबते, पिशवी खाली ठेवते, नीट मधोमध पकडते आणि परत निघते. हे टाकणं नव्हे, आपणही जड पिशवी हात बदलून घेतोच. तेवढं ओळखायला शिका, त्यावर रागावू नका.

बाहेर, किनाऱ्यावर वगैरे, सगळ्यात शेवटी, आणि लांब दोरीवर. दोरी ओढून आणायला नाही, फक्त पळून जाऊ नये म्हणून. मोरजी, आगोंद, गालजीबागला कासवं अंडी घालतात, तिथे मोसमात कुत्रा मोकळा सोडूच नका. लाटांबरोबर मेलेले मासे, जेलीफिश येतात, फुगा मासा तर विषारी, आणि तोंडात घ्यायला शिकलेला कुत्रा सगळंच तोंडात घेऊन बघतो, म्हणून 'सोड' हा शब्द किनाऱ्यावर जायच्या आधी पक्का हवा. टेनिस बॉलही रोज नको, त्याची खरखरीत लव आणि वाळू मिळून दात झिजवतात.

आणि हो, सुरू करायच्या आधी एकदा तोंड उघडून बघा. सहा-सात महिन्यांपर्यंत दात बदलतात, तेव्हा हे करायचं नसतं, तुमचा त्यातून बाहेर आहे. पण एखादी दाढ तुटलेली, हिरडी लाल, तोंडाला वास, किंवा एकाच बाजूने खातोय असं दिसलं तर आधी डॉक्टर. पूर्वी छान धरणारा कुत्रा अचानक टाकायला लागला तरी पहिला संशय दातावर घ्यायचा.

दहा दिवसांनी मोबाईल जमिनीवर टेकवून बाजूने एक व्हिडिओ काढा, तुमचा हात आणि त्याचा जबडा दोन्ही दिसतील असा, आणि हळू करून बघा. तुमचं 'यस' आधी येतंय की वस्तू आधी सुटतेय, ते त्यात स्पष्ट दिसेल. वस्तू आधी सुटत असेल तर सेकंद कमी करा आणि परत एकवर या.